स्टोअरवाल्या हेडाऊबाई

हेडाऊबाईंच्या हाताखाली शिकलेली मुलं कुठंही भेटली तरी ओळखू येतात. ती चहाचा ग्लास दोन हातांनी धरतात. एक हात बाजूला, दुसरा बुडाखाली. मागं सीताबर्डीच्या एका टपरीवर एक दाढीवाला तरुण असाच ग्लास धरून उभा होता. मी सरळ जाऊन विचारलं, कितवी बॅच? तो म्हणाला, तिसरी, आणि तुम्ही? म्हटलं, मी बॅच नाही, मी ऑफिस.

ऑफिस म्हणजे मी, पोतदार. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात कारकून होते असं घरात फार अभिमानानं सांगतात. मी तीच परंपरा एका ट्रस्टच्या संग्रहालयात पंख्याखाली बसून चालवतो. आमचं संग्रहालय दोन मजली, जुनं, आणि नावानं कुणालाही माहीत नसलेलं. ऑटोवाल्याला संग्रहालयाचं नाव सांगितलं तर तो मान हलवतो. ‘जुनं सामान’ म्हटलं की बरोबर फाटकाशी आणून सोडतो. त्या जुन्या सामानात तलवारी आहेत, नाणी आहेत, काही मूर्ती आहेत, पण खरी दौलत म्हणजे वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमधली कापडं. लुगडी, शेले, पागोटी. त्या स्टोअरच्या किल्ल्या तीस-एक वर्षं हेडाऊबाईंच्या कमरेला होत्या.

बाई उमरेडच्या विणकर घरातल्या. अंगानं काटकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावर मी डुलकी घेत असलो तर वरच्या मजल्यावरून जाग यावी. रोज सकाळी फाटकातून आत आल्या की त्या हातातल्या बांगड्या काढून एका स्टीलच्या डबीत ठेवत आणि संध्याकाळी जाताना परत घालत. बांगडीत धागा अडकतो म्हणून. नवरा ठणठणीत असताना बाई दिवसभर भुंड्या हातानं वावरते यावर आमच्या झाडूवाल्या मावशींनी पहिलं वर्षभर बरीच चर्चा केली. बाईंनी त्यांनाही एक डबी आणून दिली.

माझ्याशी त्यांची पहिली भेट टाचण्यांवरून. मी नवा होतो, त्या ऑफिसात आल्या, माझ्या कपाटातली एक फाइल उचलली आणि म्हणाल्या, पोतदारभाऊ, तुमच्या टाचण्या गंजून राहिल्या, कागद खाऊन टाकतीन. मी म्हटलं, बघतो. पुढच्या आठवड्यात रजेवरून परत आलो तर कपाटातली एकूणएक टाचणी गायब. कागद पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. मला राग आला होता हे कबूल करायला हवं, पण ते कागद आजही जसेच्या तसे आहेत.

काही वर्षांपूर्वी ट्रस्टला वाटलं की तरुण मुलांना या कामात आणावं. आपल्याकडं बारावी झालेल्या मुलाला विचारलं तर तो इंजिनिअरिंग सांगेल, स्पर्धा परीक्षा सांगेल, धंतोलीतला एखादा दवाखाना सांगेल. संग्रहालयात नोकरी असते हे त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. म्हणून सहा महिन्यांची योजना निघाली. दर वेळी आठ मुलं, थोडं विद्यावेतन, वस्तू हाताळायला, नोंदी करायला, पाट्या लिहायला, लोकांना फिरवून दाखवायला शिकायचं, आणि शेवटी परीक्षा. त्यातून कुणी मुंबईच्या चित्रांच्या गॅलरीत लागलं, कुणी रायपूरला, दोघं एका जुन्या घराण्याचा संग्रह लावायला गेली. शिकवायला डिग्रीवाली माणसं येऊन जाऊन असत. योजना चालवली ती हेडाऊबाईंनी, आणि त्यांच्याकडं या विषयाची डिग्री नव्हती.

त्यांच्याकडं कुरडया होत्या. बॅच सुरू झाली की बाई घरून मोठा डबा भरून वाळलेल्या कुरडया आणत. पहिले पंधरा दिवस कुठल्याही मुलानं वस्तूला हात लावायचा नाही. एक कुरडई ट्रेमध्ये ठेवायची, वरच्या स्टोअरमधून निघायचं, जिना उतरायचा, तलवारींच्या दालनातून वळसा घालून परत वर जायचं. कुरडई अख्खी पोचली तर मोठ्या डब्यात, मोडली तर लहान डब्यात. एका पोरानं हुशारी केली. रुमाल ट्रेमध्ये खाली घातला. बाई म्हणाल्या, हे बराबर सुचलं तुले, पण रुमालाचे धागे कुरडईले लागले ते कोण काढन? त्या पोरानं दुपारभर चिमट्यानं धागे काढले. शनिवारी लहान डब्यातल्या मोडक्या कुरडया तळायच्या आणि चहाबरोबर खायच्या. सुरुवातीच्या शनिवारी आमची चंगळ असे. पुढं पुढं मुलं तयार होत आणि आम्ही उपाशी राहत असू.

नोंद लिहिण्याचा त्यांचा नियम एकच होता. दिसून राहिलं ते लिहा, वाटून राहिलं ते घरी जाऊन सांगा. एखाद्या मुलीनं ‘अतिशय सुंदर प्राचीन शेला’ असं लिहिलं की बाई शेल्याकडं तिला ओढत नेत आणि विचारत, सुंदर कुठं आहे, बोट ठेव. मुलीचं बोट हवेतच फिरे. मग लांबी लिही, रुंदी लिही, किती भोकं आहेत ती मोज.

शुभम नावाचा एक मुलगा होता. हुशार, पण खर्ऱ्याशिवाय, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीशिवाय, त्याचा तास जात नसे. एकदा स्टोअरच्या दारात त्याच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी पडली. आता बाई गरजणार म्हणून आम्ही कान टवकारले. त्या गरजल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले, पुडी ट्रेमध्ये ठेवली आणि शुभमला कोरं कार्ड दिलं. वस्तू: खर्रा. वेष्टन: प्लास्टिक, चुरगळलेलं. वजन काट्यावर घ्यायला लावलं. अवस्था: सुमारे अर्धा खाल्लेला, उर्वरित भाग ओलसर. दाता: श्री. शुभम अमुक, राहणार गांधीबाग. कार्ड चार वेळा परत आलं, कारण सुपारीच्या तुकड्यांचा रंग नीट लिहिलेला नव्हता. ते कार्ड पुढं प्रत्येक बॅचला नमुना म्हणून दाखवलं जाई. शुभमला खर्रा सुटला असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर तो फाटकाबाहेर जाऊन खाऊ लागला, आणि त्याच्या नोंदींना कुणी बोट लावू शकलं नाही.

हाच नियम बाई मोठ्यांनाही लावत. आमच्या सचिवसाहेबांच्या आजोबांनी दिलेली एक तलवार खाली काचेत आहे. पाटीवर एका नावाजलेल्या सरदाराचं नाव होतं. बाईंनी जुने कागद चाळले, त्यात त्या सरदाराचा काही पत्ता लागेना. त्यांनी पाटी बदलली आणि लिहिलं: कोणाची, माहीत नाही. सचिवसाहेब महिनाभर बाईंच्या नमस्काराला उत्तर देत नव्हते. मी बाईंना हळूच म्हटलं, निदान ‘असे म्हणतात’ एवढं तरी टाका. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत कधी सुचवलं नाही.

या सगळ्याला मी हसत असे. घरी जाऊन बायकोला किस्से सांगत असे. पण बाईंच्या शेवटच्या बॅचच्या वेळी जे झालं ते मी बरेच दिवस घरी सांगू शकलो नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. बॅच संपली की त्याच महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या, आणि पुढं तीन वर्षं करारावर योजना चालवायला ट्रस्ट त्यांना ठेवून घेणार होतं. तो कागद मीच टाइप केला होता. सचिवसाहेबांची सही तेवढी राहिली होती. बाईंना हा कागद किती हवा होता हे मला माहीत होतं, कारण त्या दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून ऑफिसात येत आणि ‘साहेब आले का’ विचारत. दुसरी गोष्ट म्हणजे स्टोअरला साहाय्यकाची एक पक्की जागा मंजूर झाली होती. इतक्या बॅचनंतर पहिल्यांदा आमच्याच इमारतीत नोकरी. आठांपैकी एकाला ती मिळणार होती, आणि ती प्रणालीला मिळणार हे सगळे धरून चालले होते.

प्रणाली नंदनवार. तीही उमरेडच्या विणकर घरातली, पण माग बंद होऊन जमाना झालेला. वडील धंतोलीत एका दवाखान्यात लिफ्टवर, घर बेसाला भाड्यानं. वडिलांनी त्याच दवाखान्यात पोरीसाठी रिसेप्शनची जागा बोलून ठेवली होती. मध्येच एकदा त्यांनी तिला बॅच सोडायला सांगितलं, तेव्हा बाई मला बरोबर घेऊन बेसाला गेल्या. ऑफिसचा माणूस बरोबर असला की वजन पडतं, असं त्यांचं मत. वजन काही पडलं नाही. वडिलांनी चिवडा पुढं केला आणि शांतपणे म्हणाले, “आमचा बाप धाग्यात गेला, माय धाग्यात गेली. आमी कसेबसे सुटलो जी. आता पोट्टीले पुन्हा धाग्यातच काहून घालता?”

  बाईंनी विचारलं, तुमच्याकडं धागे कोण सांधत होतं? ते म्हणाले, माय. प्रणालीला तिनंच लहानपणी शिकवलं, खेळ म्हणून. बाईंनी प्रणालीचा हात हातात घेऊन अंगठा पाहिला, मग परीक्षेपर्यंत मुदत द्या एवढंच मागितलं. वडील म्हणाले, नोकरी लागली तर ठीक, नाही तर पहिल्या तारखेपासून रिसेप्शन.

सांधणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मागावर धागा तुटला की विणकराच्या घरातली बाई दोन टोकं अंगठा आणि बोटात धरते, चिमूटभर राख लावते आणि एक पीळ देते. गाठ नाही, नुसता पीळ. धागा परत एक होतो. हे दिवसातून शेकडो वेळा होतं, बोलता बोलता, पोराला दटावता दटावता. संग्रहालयात याच्या नेमकं उलट. तुटलेलं तुटलेलंच ठेवायचं. आणखी तुटू नये एवढं पाहायचं, आणि एक सुई जरी लावली तरी कुणी, कधी, कशी लावली ते वहीत लिहायचं. बाई हे पहिल्या दिवशी सांगत आणि शेवटच्या दिवशीही सांगत.

परीक्षेला प्रत्येकाला एक वस्तू दिलेली असे. प्रणालीकडं करवती काठाची एक जुनी नऊवारी होती, रेशमी काठ, उमरेडचीच. पहिल्या महिन्यात तिनं नोंद केली होती: उजव्या काठाचे सात धागे तुटलेले, टोकं सुटी. सोबत फोटो. पुण्याहून तज्ज्ञ म्हणून एक सर आले होते, पलीकडं सचिवसाहेब, टेबलाच्या कोपऱ्यात टिपणं घ्यायला मी, आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर हेडाऊबाई. शिकवणाऱ्यानं परीक्षेत बोलायचं नाही असा नियम होता, तो बाईंनीच केला होता.

प्रणाली फार छान बोलली. सरांनी भिंग लावून काठ पाहिला, मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, “नोंदीत सात आहेत. इथं चारच तुटलेले दिसतात. तीन कुठं गेले?”

तिनं वाकून पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला तो मला कोपऱ्यातून दिसला. “सांधले गेले सर,” ती म्हणाली. “मीच सांधले असतील. पण कधी, ते आठवून नाही राहिलं.”

सरांनी विचारलं, कशानं? ती म्हणाली, राख नव्हती, थुंकी लावली असेल. सर भिंग हातात घेऊन खाली बसले. इतर कुठल्याही दिवशी मी हसलो असतो.

सर मग उठले आणि सगळी साडी पाहत गेले. पदराशी थांबले. तिथं आणखी पाच धागे सांधलेले होते. नोंदीत त्यांचा पत्ता नव्हता, कुठल्याच वहीत नव्हता. सर म्हणाले, हेही तुझेच. ती नाही म्हणाली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सावकाश विचारलं, मघाचे तीन तरी कुठं आठवत होते तुला?  तिनं पदराकडं पाहिलं आणि म्हणाली, असतील सर, माझेच असतील. सचिवसाहेबांनी तिच्या नावापुढं काहीतरी लिहायला पेन उचललं.

“थे पाच तिचे नाहीत जी,” हेडाऊबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “माहे आहेत.”

सचिवसाहेबांच्या फायलीत, सगळ्यात वर, बाईंच्या कराराचा कागद होता. सहीसाठी मीच सकाळी ठेवला होता. मी बाईंना खुणेनं बसा म्हटलं. त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

“मी इथं लागली तवा घरी माग चालू होता,” त्या सरांना म्हणाल्या. “पहाटे सांधणी करून मंग ड्यूटीवर येत होती मी. बोटाले राख राहे. पाहा तुमी, पदराकडचे धागे करडे दिसतीन. हिचे साफ आहेत.”

सरांनी पाहिलं. करडे होते. त्यांना तो मळ वाटला होता. त्यांनी विचारलं, नोंद का नाही?

“नोकरी नवी होती, भेव वाटलं. मंग मीच पोट्ट्याइले शिकवाले लागली, का लपवू नका. तवा तर लिहाले तोंडच नाही राहिलं.”

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. गप्प बसल्या असत्या तर काय झालं असतं? कुणालाही कळलं नसतं, तीन वर्षं पक्की होती. मग मी प्रणालीकडं पाहिलं. ती दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती, आणि माझी मलाच लाज वाटली. सचिवसाहेबांनी फाइल उघडली, वरचा कागद काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तलवारीची पाटी ते विसरले नव्हते, असं माझं मत. ते म्हणाले एवढंच की आता हे रेकॉर्डवर आलं, आमचे हात बांधलेले आहेत.

सरांनी प्रणालीला तिथंच नोंद पुरी करायला लावली. तिनं लिहिलं: काठाचे तीन धागे, प्रशिक्षणार्थी प्रणाली नंदनवार, तारीख माहीत नाही, थुंकी वापरली. पदराचे पाच, शकुंतला हेडाऊ, राख वापरली. सरांनी वाचलं, खाली सही केली आणि म्हणाले, जागा हिला द्या. सचिवसाहेबांना ते मान्य करावं लागलं, कारण तज्ज्ञ त्यांनीच बोलावलेला होता.

बाई महिनाअखेरीस निवृत्त झाल्या. शाल, नारळ, समोसे. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, किल्ल्या मोजून घ्या. जाताना त्यांनी बांगड्या घातल्या आणि डबी प्रणालीच्या टेबलावर ठेवून गेल्या. मी जिन्यात गाठून म्हटलं, बाई, कशाला बोललात? त्या म्हणाल्या, “भाऊ, पोट्टी न केलेलं कबूल करून राहिली होती. मी तिले हे कवा शिकवलं?” योजना आता शुभम चालवतो. बरी चालवतो.

यंदा हिवाळ्यात कापडांचं मोठं प्रदर्शन लावलं. ती नऊवारी मधल्या काचेत, पदर समोर पसरून. खाली पाटीवर विणकर माहीत नाही असं लिहिलंय, आणि त्याखाली सांधणाऱ्या दोघींची नावं. ती नावं प्रणालीनं घातली. सचिवसाहेबांनी हरकत घेतली, तर तिनं त्यांना नोंदवही नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडाऊबाई आल्या. मी तिकिटाच्या खिडकीवर होतो. तिकीट नको म्हटलं, तर त्यांनी काढलं आणि माझ्याकडून नीट फाडून घेतलं. थोड्या वाकल्या होत्या, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. कुठंही न थांबता त्या मधल्या काचेशी गेल्या. चष्मा वर केला, खाली केला, काचेला नाक लावलं. मागं एका शाळेच्या पोरांची रांग होती, ती खोळंबली. प्रणाली धावत आली.

“सापडून नाही राहिले वं,” बाई म्हणाल्या. “कोणते माहे?”

प्रणालीनं काचेवर बोट न टेकवता जागा दाखवली. बाईंनी पाहिलं. तीस वर्षं ज्या पाच धाग्यांकडं पाहायची त्यांना चोरी होती, ते त्या उघड्यावर, भर दुपारी, पोरांच्या गर्दीत पाहत होत्या. पुष्कळ वेळ पाहिलं.

“चांगले सांधले होते वं मी,” त्या म्हणाल्या.

प्रणाली हो म्हणाली. मास्तर मागून घाई करू लागले, तेव्हा मी त्यांना पोरं घेऊन आधी तलवारी पाहून या म्हटलं.